निसर्गोपचाराची डॉक्टर : साडेपाच वर्षांचे शिक्षण आणि मर्यादेची जाण

पालघरहून मनोरकडे निघालेली एस.टी. वाघोबा खिंड ओलांडून पुढे गेली की मासवणचा परिसर लागतो. जवळूनच सूर्या नदी वाहते. आषाढात या भागातून जाणाऱ्याला दुतर्फा एकच दृश्य दिसते. गुडघाभर चिखलात, पाठ वाकवून, सकाळपासून सायंकाळपर्यंत भाताची रोपे लावणाऱ्या स्त्रिया. त्यांतील अनेकजणी घरचा स्वयंपाक आणि पाणी उरकून बांधावर आलेल्या असतात. पश्चिमेकडे बोईसर-तारापूरच्या बाजूला जीवन अगदी वेगळे आहे. औद्योगिक वसाहत, १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र, व्यापारी पेढ्या, सदनिका आणि त्यांत राहणारी आपल्यासारखी मध्यमवर्गीय कुटुंबे. शेतातील स्त्री आणि सदनिकेतील स्त्री यांची जीवनपद्धती भिन्न, आहार भिन्न, मिळकत भिन्न. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर दोघींच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते : ‘अंगात त्राणच राहिले नाही.’

या वाक्याचे उत्तर कोणी द्यायचे? शासकीय आरोग्य केंद्राने, खाजगी दवाखान्याने, की हल्ली शहरोशहरी दिसणाऱ्या ‘निसर्गोपचार केंद्र’ या फलकामागे बसलेल्या डॉक्टरने? अनेक घरांतील मुली आज हे शिक्षण घेत आहेत आणि अनेक घरांतील स्त्रिया या उपचारांकडे आशेने पाहत आहेत. म्हणून हे शास्त्र काय शिकवते, शिकलेली डॉक्टर काय करू शकते आणि कोठे तिने थांबलेच पाहिजे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पुण्यापासून उरुळीपर्यंत

महाराष्ट्रात निसर्गोपचाराचा इतिहास सांगायचा तर पुण्याच्या डॉ. दिनशा मेहता यांच्यापासून आरंभ करावा लागतो. ताडीवाला रस्त्यावरील त्यांच्या उपचारगृहात महात्मा गांधी स्वतः राहिले होते. युरोपातील लुई कुने आणि अॅडॉल्फ जुस्ट यांच्या ग्रंथांतून गांधीजींना पाणी, माती, सूर्यप्रकाश, आहार आणि उपवास यांवर आधारलेल्या या पद्धतीची गोडी लागली होती. १९४२ साली आगाखान महालात बंदिवासात असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटे पुस्तक लिहून पूर्ण केले, तेही याच विचाराचे.

त्याच महालात या उपचारपद्धतीची एक कठीण परीक्षा झाली. १९४४ च्या आरंभी कस्तुरबांची प्रकृती ढासळली. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर त्यांच्याजवळ होतेच. पुढे सरकारने डॉ. दिनशा मेहता आणि वैद्य शिव शर्मा यांनाही आत येण्याची परवानगी दिली. शेवटच्या दिवसांत पुत्र देवदास यांनी त्या काळी अत्यंत दुर्मीळ असलेले पेनिसिलिन मागवले. आशा उरलेली नसताना दर काही तासांनी सुया टोचून बांना यातना देणे गांधीजींना मान्य नव्हते, आणि ते औषध दिले गेले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांनी देह ठेवला. या निर्णयाविषयी आजही दोन मते आहेत.

मात्र याच गांधीजींच्या चरित्रात त्याआधीची आणखी एक घटना नोंदली गेली आहे. १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर त्यांनी कठोर टीका केली होती. परंतु जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा विकार बळावला तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी संमती दिली. त्या रात्री मातीची पट्टी आणि उपवास यांवर विसंबून राहिले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. निसर्गोपचार शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीने या दोन्ही घटना एकत्र अभ्यासाव्यात.

१८ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात निसर्गोपचाराच्या अखिल भारतीय न्यासाची स्थापना झाली आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. हाच दिवस आता राष्ट्रीय निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. परंतु शहरातल्या उपचारगृहापर्यंत गरीब माणूस पोहोचत नाही, हे गांधीजींच्या लवकरच ध्यानी आले. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचन या खेड्यात गेले, तेथे रुग्ण तपासले आणि आश्रमाचा पाया घातला. ते काम त्यांनी मणिभाई देसाई या तरुणाच्या हाती सोपवले.

मणिभाईंनी पुढे जे केले ते विचार करण्यासारखे आहे. खेड्यातील रुग्णाला सकस आहार सांगायचा, तर तो त्याच्या घरात असला पाहिजे. दूध प्यायला सांगायचे, तर दारात दुभती गाय हवी. म्हणून त्यांनी गोपालन आणि शेती यांकडे लक्ष वळवले आणि १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. याच संस्थेने पुढे आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार भागात आदिवासी कुटुंबांच्या वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या करण्याचे काम केले. उरुळीच्या उपचारगृहातून निघालेला विचार असा फिरून आपल्याच डोंगरांत पोहोचला. औषधाइतकेच अन्नही उपचाराचा भाग आहे, हे या प्रवासाने दाखवून दिले.

उजिरेचे महाविद्यालय आणि पदवीचा अभ्यास

हे शास्त्र पदवीच्या रूपात शिकवण्याच्या कार्यात एका जैन घराण्याचा मोठा वाटा आहे, ही आपल्या वाचकांना आनंद देणारी गोष्ट. कर्नाटकातील धर्मस्थळ येथील मंजुनाथ मंदिराचे व्यवस्थापन हेगडे या जैन कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने नेत्रावती नदीकाठी निसर्गोपचार रुग्णालय उभे राहिले आणि १९८९ साली जवळच्या उजिरे येथे निसर्गोपचार व योगविज्ञान महाविद्यालय सुरू झाले. आज देशातील या क्षेत्रातील जुन्या व प्रतिष्ठित महाविद्यालयांत त्याची गणना होते.

या पदवीला बी.एन.वाय.एस. म्हणतात. बारावीला विज्ञान शाखा आणि त्यात जीवशास्त्र असणे आवश्यक. अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष सेवा. म्हणजे एकूण साडेपाच वर्षे. पहिल्या वर्षी इतर वैद्यकीय विद्यार्थ्यांप्रमाणेच शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व सामाजिक आरोग्य येते. मग उपवासचिकित्सा, मर्दन, अॅक्युपंक्चर, योगचिकित्सा, जलचिकित्सा, आहारशास्त्र हे खास विषय. आणि त्यांच्याच बरोबरीने स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि तातडीच्या प्रसंगी करावयाचे उपचार. ज्यांना पुढे जायचे त्यांच्यासाठी एम.डी.चा मार्गही खुला आहे.

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र या विषयाचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ही डॉक्टर शस्त्रक्रिया करणार नाही, कठीण प्रसूती हाताळणार नाही. मग तिने हे का शिकायचे? कारण समोर बसलेल्या स्त्रीचा थकवा साधा आहे की गर्भाशयातील गाठीमुळे होणाऱ्या अतिरक्तस्रावाचा आहे, हे तिला ओळखता आले पाहिजे. कोणती रुग्ण आपल्याकडे ठेवायची आणि कोणती त्याच दिवशी पुढे पाठवायची, हा निर्णय तिला घ्यावा लागतो. पंधरा दिवसांच्या वर्गात प्रमाणपत्र मिळवून ‘नॅचरोपॅथ’ म्हणवून घेणारी व्यक्ती आणि ही पदवीधर डॉक्टर यांच्यातला खरा फरक येथे आहे. टबमध्ये पाणी दोघीही भरू शकतात. ज्या रुग्णासाठी पाणी भरायचे नाही, ती रुग्ण ओळखणे शिक्षणाशिवाय साधत नाही.

कायद्याची बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. भारतीय वैद्यकपद्धतींसाठी २०२० साली संमत झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा या पद्धती आहेत. निसर्गोपचाराचा त्यात समावेश झालेला नाही. नोंदणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. अमेरिका व कॅनडातही काही प्रांतांत या डॉक्टरांना परवाना मिळतो, काही ठिकाणी नाही. त्यामुळे उपचार सुरू करण्यापूर्वी समोरच्या डॉक्टरची पदवी कोणती, ती कोणत्या विद्यापीठाची आणि नोंदणी कोठे झाली आहे, हे विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. बँकेत ठेव ठेवताना आपण इतकी चौकशी करतोच. शरीर तर त्याहून मोलाचे.

पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील जुन्या वास्तूत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे. या संस्थेचा ‘निसर्गग्राम’ हा नवा परिसर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्यात २५० खाटांचे रुग्णालय आणि महाविद्यालय यांची योजना आहे. आपल्या राज्यातील मुलींना या शिक्षणाची संधी आता घराजवळ येऊ लागली आहे.

वयाच्या प्रत्येक टप्प्यावर

स्त्रीचे आरोग्य एकाच आजाराचे नाव नाही. वयात येणे, पाळीचे त्रास, गर्भारपण, बाळंतपण, रजोनिवृत्ती हे सारे एकाच शरीराचे टप्पे आहेत. रुग्णाला पाच मिनिटांत चिठ्ठी देऊन वाटेला लावण्याऐवजी तासभर बसून तिची झोप, जेवणाची वेळ, कामाचा भार, मनावरचा ताण यांची विचारपूस करणे, ही या डॉक्टरची सर्वात मोठी शक्ती आहे.

तरुण मुलींतील पीसीओएस या विकाराचे उदाहरण घ्यावे. पाळी लांबणे, वजन वाढणे, चेहऱ्यावर अनावश्यक केस येणे अशी त्याची लक्षणे. यात आहार व व्यायाम यांना आधुनिक वैद्यकातही पहिले स्थान आहे. वजन जास्त असलेल्या मुलीचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, तरी पाळी नियमित होण्यास मदत होते. येथे निसर्गोपचाराची डॉक्टर महिनोन्‌महिने मुलीच्या पाठीशी उभी राहू शकते. सामान्य दवाखान्याला इतका वेळ देणे क्वचितच शक्य होते.

पाळीच्या वेदना, बद्धकोष्ठता, निद्रानाश यांसाठी कटिस्नान, मातीची पट्टी, योगासने व श्वसनाचे अभ्यास वापरले जातात. कटिस्नानात रुग्ण बेंबीपर्यंत पाणी असलेल्या टबात बसते, पाय बाहेर कोरडे असतात आणि काही मिनिटे ओटीपोट हलक्या हाताने चोळले जाते. पाळी सुरू असताना आणि गर्भारपणात हे स्नान देत नाहीत. साधे वाटणारे उपचारही विचारूनच करावेत, ते एवढ्याचसाठी.

आता सर्वात मोठा प्रश्न : रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा आणि इतर स्त्रियांचे १२ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात; गर्भवतीचे ७ पेक्षा आणि इतर स्त्रियांचे ८ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र असतो आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

नागली, तीळ, कडधान्ये, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात माळावर उगवणारा टाकळा हे सारे मासवणच्या परिसरात मिळते. जेवणात आवळा किंवा लिंबू असल्यास शरीर लोह अधिक शोषून घेते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी होते, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. आपल्या घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. अशा वेळी मूग, मटकी, चणे, तीळ, नागली आणि सुकवलेला आवळा यांकडे अधिक लक्ष द्यावे. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही वारंवार आढळते. हातापायांना मुंग्या येणे आणि सतत थकवा हे तिचे इशारे आहेत. ती रक्ततपासणीनेच कळते आणि बहुधा औषधानेच भरून निघते.

तपश्चर्येविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. निसर्गोपचारातील उपवास हा रुग्णाची प्रकृती पाहून ठरवलेला उपचार असतो. धर्मातील उपवास आत्मशुद्धीसाठी असतो. दोहोंचा हेतू वेगळा, पण शरीर एकच. रक्तक्षय किंवा मधुमेह असलेल्या बहिणीने मोठी तपश्चर्या आरंभण्यापूर्वी गुरुभगवंतांना आणि डॉक्टरांना आपली प्रकृती स्पष्टपणे सांगावी. गर्भवती आणि स्तनदा मातेने तर ती अवश्य सांगावी. ऊणोदरी हेही तपच आहे, आणि ते अनेकींना झेपते.

जेथे थांबायचे

चांगल्या डॉक्टरची खूण तिने बऱ्या केलेल्या रुग्णांच्या संख्येइतकीच तिने वेळेवर पुढे पाठवलेल्या रुग्णांतही असते. गर्भारपणात रक्तदाब १४०/९० वर गेला, डोके प्रचंड दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त जाऊ लागले, तर माती आणि पाण्याच्या उपचारांत एक तासही दवडू नये. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, स्तनात गाठ हाताला लागली, तर आधी तपासणी, मग बाकी सारे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुख व स्तन यांच्या कर्करोगाची तपासणी शासकीय कार्यक्रमात उपलब्ध आहे. ती चुकवू नये.

मासवणसारख्या आदिवासी भागात आणखी एक दक्षता हवी. येथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यातील रक्तक्षय केवळ पालेभाजीने किंवा लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. रक्ततपासणी न करता ‘आहार सुधारा’ एवढेच सांगणे हा तेथे उपचार ठरत नाही, अन्याय ठरतो. शासन गर्भवतींना लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस विनामूल्य देते. ‘रासायनिक गोळ्या नकोत’ असे सांगून त्या बंद करायला लावणारी व्यक्ती, फलकावर काहीही लिहिलेले असो, स्त्रियांची हितचिंतक नव्हे.

जमाखर्चाचा प्रश्न

पदवी हाती आलेल्या मुलीपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट मोठ्या शहरांतील आरोग्यधामांची. तेथे वातानुकूलित कक्ष आणि चांगले वेतन असते. येणारे रुग्ण बहुधा संपन्न असतात. दुसरी वाट गावातल्या किंवा तालुक्याच्या साध्या केंद्राची. तेथे रुग्ण पुष्कळ, पण शुल्क देण्याची ऐपत थोडी. केवळ जमाखर्च मांडला तर मुलगी पहिली वाट धरणार, आणि तिला दोष देता येणार नाही. १९४६ साली गांधीजींनी ज्या अडचणीमुळे पुणे सोडून उरुळी गाठली, ती अडचण आजही तशीच उभी आहे.

येथे समाजाने पुढे येण्यास वाव आहे. आपली मंडळे आणि न्यास दरवर्षी ठिकठिकाणी आरोग्य शिबिरे घेतात. एका दिवसात शेकडो स्त्रियांची तपासणी होते, छायाचित्रे निघतात, गोळ्या वाटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी मैदान रिकामे होते. चार महिन्यांनंतर त्यांतील किती स्त्रियांचे हिमोग्लोबिन वाढले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वसुलीची नोंद नसलेले कर्जखाते कोणताही व्यवस्थापक चालू देणार नाही. मग आरोग्याच्या खात्याला सवलत कशासाठी?

तेच द्रव्य वेगळ्या पद्धतीने खर्च करता येईल. मासवणला शासनाचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांना डावलून वेगळी चूल मांडण्याचे कारण नाही. एका पदवीधर निसर्गोपचार डॉक्टरला न्यासाने नियमित मानधन द्यावे. तिने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गावात बसावे. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब मोजावा, प्रत्येकीच्या कार्डावर आकडा लिहावा, घरातल्याच धान्यातून आहार ठरवून द्यावा, पाठ आणि कंबर सावरणारी आसने शिकवावीत आणि संशय येताच आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. याला मोठी इमारत लागत नाही. एक स्वच्छ खोली, दोन टब, थोडी साधने आणि वर्षभर न चुकता येणारी डॉक्टर एवढे पुरे.

असे काम पाहिल्यावर त्याच पाड्यावरची एखादी शाळकरी मुलगी विज्ञान शाखेकडे वळेल, हीही आशा ठेवण्याजोगी आहे. साडेपाच वर्षांचे शिक्षण, वसतिगृह आणि पुस्तके यांचा भार तिच्या घराला पेलणारा नाही. तो समाजाने उचलला, तर परतून येणाऱ्या डॉक्टरला गावातील स्त्रियांची भाषा शिकावी लागणार नाही. ‘अंगात त्राण नाही’ म्हणजे नेमके काय, हे तिला आईकडे पाहूनच कळलेले असेल.

पुढच्या आषाढात मासवणच्या शेतांत लावणी होईलच. त्या चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणींच्या हातात त्यांच्या हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेले कार्ड असेल, हे कोणत्याही एका डॉक्टरवर अवलंबून नाही. ते आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय कोणी मांडतो की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.